‘भरवसा ठेव’ म्हणजे नेमकं काय करू?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत : देवावरचा भरवसा आणि त्याच्या आज्ञा पाळणं. सदर, मोहननगर, कामठी, बुटीबोरी अशा नागपूर आणि परिसरातून आलेले प्रश्न थोडक्यात करून देत आहोत. लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत. बायबल शेजारी उघडं ठेवून वाचलंत तर बरं, कारण उत्तरं वचनांवर उभी आहेत आणि ती तुम्ही स्वतः पडताळून पाहावीत अशी आमची इच्छा आहे.

प्रश्न : आमच्या तरुण संघात वाद झाला. एक जण म्हणतो, तारण विश्वासाने होतं, मग आज्ञांचा एवढा आग्रह कशाला? दुसरा याकोबाचं पत्र काढून दाखवतो, की कृतींवाचून विश्वास निर्जीव आहे. बरोबर कोण? (मोहननगर)

उत्तर : दोघंही आपापल्या वचनापाशी थांबले आहेत. इफिसकरांस पत्र २:८-९ म्हणणाऱ्याने दहावं वचनही म्हणावं. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. आणि लगेच पुढे, सत्कृत्यं करण्यासाठी आपण निर्माण झालो आहोत. पौल रोमकरांस पत्र सुरू करतो तेच विश्वासातून निघणाऱ्या आज्ञापालनाने (१:५) आणि संपवतानाही तिथेच येतो (१६:२६). उत्पत्ती १५:६ हे अब्राहामाच्या विश्वासाचं वचन पौलाने घेतलं आहे, याकोबानेही घेतलं आहे. याकोब त्याला बाविसाव्या अध्यायाची, म्हणजे इसहाकाच्या अर्पणाच्या गोष्टीची जोड देतो, एवढाच फरक. त्या दोन अध्यायांच्या मध्ये काही दशकं उलटली आहेत, हे वाद घालताना कोणी लक्षात घेत नाही.

क्रम समजून घ्यायचा तर निर्गम २० काढा. पहिली आज्ञा तिसऱ्या वचनात आहे. त्याआधीच्या वचनात देव सांगतो की मी तुला मिसरच्या दास्यातून बाहेर काढलं. लोक समुद्र ओलांडून आले होते, मान्ना खात होते, आणि त्यानंतर सीनाय पर्वतापाशी त्यांना आज्ञा मिळाल्या. सुटका आधी, आज्ञा नंतर. आज्ञा पाळून सुटका कमवायची असती तर ते सगळे मिसरातच राहिले असते.

लूक ५ मधला शिमोनही पाहा. तो जातीचा कोळी. मासे रात्री सापडतात हे त्याला ठाऊक होतं, रात्रभर राबून हाती काही लागलेलं नव्हतं, आणि जाळी धुऊन झाली होती (५:२). पुन्हा टाकायची म्हणजे पुन्हा धुवायची. हे सगळं तो येशूला बोलून दाखवतो आणि मग म्हणतो, तरी आपल्या शब्दावरून टाकतो. त्याने आपली अक्कल काठावर ठेवली नाही, शंकाही लपवली नाही. त्याचा भरवसा त्या ‘तरी’मध्ये आहे, आणि जाळं पाण्यात पडलं ते आज्ञापालन.

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह आहे, इन्सुलिन सुरू आहे. एका प्रार्थनासभेत तिला सांगितलं की खरा विश्वास असेल तर इंजेक्शन बंद कर. तिने दोन दिवस घेतलं नाही. मी ओरडलो तर म्हणते, तू देवाच्या आड येतोस. (कामठी)

उत्तर : आधी इन्सुलिन सुरू करा, डॉक्टरांना आजच फोन करा आणि नागा झालेल्या दिवसांची माहिती द्या. उत्तर त्यानंतर वाचा. शरीरात इन्सुलिन तयारच होत नसेल, तर ते तोडल्यावर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठू लागतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, गुंगी यांपैकी काही दिसलं तर मेडिकल, मेयो किंवा जवळचं कोणतंही मोठं रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत थांबू नका. फिट्सच्या गोळ्या अचानक तोडल्या तर झटके येऊ शकतात. क्षयरोगाचं औषध मध्येच सोडलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. आजार कोणताही असो, औषध आपल्या मनाने तोडायचं नाही.

आता आईंसाठी. हिज्कीया राजाला बरं करीन असं देवाने स्वतः सांगितलं, आणि तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावला (२ राजे २०:५-७). तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने उपाय सुचवला (१ तीमथ्य ५:२३). याकोब ५:१४ मध्ये मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. औषध टाकून द्या असं तिथे एक अक्षरही नाही. आणि लूक १७:१४ मध्ये येशूने दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे पाठवलं. त्या काळी माणूस शुद्ध झाला की नाही हे तपासून ठरवण्याचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे ज्याने बरं केलं त्यानेच तपासणीला पाठवलं.

तेव्हा आईंना म्हणा, प्रार्थना सुरू ठेवू आणि तपासण्याही करू. उपाशीपोटीची साखर, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी. साखर खरोखर उतरली असेल तर डोस डॉक्टरच कमी करतील, आणि ती साक्ष मंडळीत सांगायला कोणाची हरकत नाही. मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी टाक, देव झेलील, हे वचन दाखवून कोणी सांगितलं होतं आणि येशूने काय उत्तर दिलं, ते मत्तय ४:५-७ मध्ये आहे. हा उतारा त्यांच्याबरोबर बसून वाचा. ओरडू नका. त्या भोळेपणाने वागल्या आहेत. ज्यांनी सांगितलं त्यांना मात्र पाळकांनी समोर बसवून जाब विचारायला हवा.

प्रश्न : आमच्या घरसभेचे पुढारी म्हणतात, ‘अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा, इब्री १३:१७.’ नोकरी बदलायची, मुलीचं लग्न ठरवायचं, सगळं त्यांना विचारून. पैशाचा हिशेब मागितला तर ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ असं ऐकवलं. मी आज्ञाभंग करते आहे का? (सदर)

उत्तर : नाही, ताई.

इब्री १३:१७ त्यांनी अर्धं सांगितलं. पुढाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे, असं त्याच वचनात आहे. त्याच्या शेजारी १ पेत्र ५:२-३ ठेवा : कळपावर धनीपण गाजवू नका, पैशाच्या लोभाने काम करू नका, स्वतः उदाहरण व्हा. बिरुयातल्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचं शिकवणं शास्त्रात तपासून पाहिलं आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणी झाली (प्रेषितांची कृत्ये १७:११). अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौल त्याला सगळ्यांसमोर तोंडावर बोलला (गलती २:११-१४). पेत्राला विचारता येतं, तर घरसभेच्या पुढाऱ्याला का नाही?

‘अभिषिक्ता’चं वचन दावीद आणि शौलाच्या प्रसंगातलं आहे, १ शमुवेल २४. ते पूर्ण वाचलं की चित्र बदलतं. दावीदाने शौलाला मारलं नाही, हे खरं. पण त्याने झग्याचा काठ कापून घेतला, गुहेबाहेर येऊन तो हातात धरून दाखवला आणि शौलाचा अन्याय त्याच्या तीन हजार माणसांदेखत मोठ्याने सांगितला. शौल रडला, चूक कबूल केली. तरीही दावीद त्याच्याबरोबर घरी गेला नाही. तो आपल्या माणसांना घेऊन गडावर गेला (२४:२२). हात लावू नका याचा अर्थ वार करू नका. तोंड उघडू नका आणि अंतर ठेवू नका, असा अर्थ दावीदाने तरी घेतला नव्हता.

करायचं काय? मत्तय १८:१५-१७ ची पायरी धरा. आधी एकट्याने, शांतपणे विचारा : वर्गणी किती जमली, कुठे गेली, पावती का नाही. उत्तर मिळालं नाही तर एक-दोन विश्वासू माणसं घेऊन जा, त्यात एक जण त्या गटाबाहेरचा असू द्या. तारीख, रक्कम आणि काय बोलणं झालं हे वहीत लिहा. मग मंडळीच्या पाळकांकडे आणि पंचमंडळाकडे लेखी द्या. गट नोंदणीकृत न्यास असेल तर महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली हिशेब ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि दाद मागायला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

एक सीमारेषा स्पष्ट सांगतो. मारहाण, लैंगिक छळ, लहान मुलाला इजा यांतलं काही असेल तर मत्तय १८ ची पायरी लागू नाही. सरळ पोलिसांकडे जा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणं हे कुठल्याही वचनाचं पालन नाही. आणि घरच्यांना सांगू नको, दुसऱ्या पाळकाशी बोलू नको, असं जो सांगतो त्याच्याकडे मुलीच्या लग्नाचा निर्णय सोपवू नका.

प्रश्न : मला बाळपणी बाप्तिस्मा दिला. आता मित्र म्हणतात, तो धरत नाही, आज्ञापालन म्हणून पाण्यात बुडून पुन्हा घे. (सिव्हिल लाइन्स)

उत्तर : हा प्रश्न नागपूरला जुना आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) झालं. त्यांत अँग्लिकन होते, तसे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. म्हणजे बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त कबुली देणाऱ्याला देणारे, दोघंही. तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती मान्य. बाळपणी घेतला असेल तर मोठेपणी दृढीकरणात विश्वासाची कबुली द्यायची. पण एकाच माणसाला दोनदा बाप्तिस्मा नाही, कारण इफिस ४:५ मध्ये बाप्तिस्मा एकच आहे. कॅथलिक मंडळीही पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्मा या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाही.

तुमच्या मित्रांच्या बाजूलाही वचनं आहेत (प्रे. कृ. २:३८, ८:३६-३८), आणि ते मनापासून बोलत असतील. दुसऱ्या बाजूने फिलिप्पैतल्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याचं अख्खं घराणं आहे (१६:३३). आमचं मत : तुम्ही सी.एन.आय.चे असाल तर दृढीकरण झालं आहे का पाहा. नसेल तर पाळकांना भेटून वर्गाला नाव द्या. मित्रांच्या दडपणाखाली, कोणालाही न सांगता अंबाझरीला जाऊन पाण्यात उतरू नका. घाबरून केलेल्या गोष्टीला आज्ञापालन म्हणायला आम्ही तयार नाही.

प्रश्न : हिंजवडीला नोकरी मिळते आहे, इथे आई एकटी. देवाची इच्छा कळावी म्हणून डोळे मिटून बायबल उघडलं, बोट ठेवलं, वंशावळ निघाली. चिठ्ठ्या टाकू का? (मनीषनगर)

उत्तर : नको. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या त्या पवित्र आत्मा उतरण्याआधी (प्रे. कृ. १:२६). त्यानंतर नव्या करारात पुन्हा कुठे टाकल्याचं दिसत नाही. गिदोनाची लोकर, जिच्यावर दव पाडून त्याने देवाकडे खूण मागितली, ती सगळ्यांना आठवते, पण त्याला आज्ञा आधीच स्पष्ट मिळाली होती (शास्ते ६:१४) आणि दुसऱ्यांदा मागताना तो ‘रागावू नकोस’ म्हणतो.

कागद घ्या. आज्ञा आधीच काय आहे ते लिहा : आईचा मान राख. मग माहिती : हातात पगार किती, तिकडचं घरभाडं आणि डबा किती, महिन्यातून किती वेळा येता येईल, आईचं दवाखान्याचं कोण बघेल, घरून काम करू देतील का. आईला विचारा; पुष्कळदा तिलाच विचारायचं राहून जातं. ‘जाऊ नको’ म्हणायची हिंमत असलेल्या दोघांशी बोला. कंपनीला उत्तर द्यायच्या दोन दिवस आधीची तारीख ठरवा आणि त्या दिवशी निर्णय घ्या. पौलाचे दोन रस्ते बंद झाले, मग रात्री दृष्टांत झाला, आणि तरीही मासेदोनियाला जायचं ते ‘आम्ही’ अनुमान केलं असं लिहिलं आहे (प्रे. कृ. १६:६-१०). एकट्याने नव्हे.

प्रश्न : पगार ३२,००० आहे. क्रेडिट कार्डाचं ८०,००० कर्ज आहे. दशांश ३,२०० दिला तर हप्ता चुकतो. न देणं म्हणजे भरवसा नसणं का? (बुटीबोरी)

उत्तर : मलाखी ३:१० हे वचन मंदिराच्या भांडारासाठी आहे. जुन्या करारात दशांश लेव्यांना जाई (गणना १८:२१), आणि दर तिसऱ्या वर्षीचा परके, अनाथ व विधवा यांनाही (अनुवाद १४:२८-२९). नव्या करारात पौल टक्केवारी ठरवत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने बाजूला काढा, असं तो सांगतो (१ करिंथ १६:२). जे आहे त्याप्रमाणे द्या, नाही त्याप्रमाणे नव्हे (२ करिंथ ८:१२).

कार्डावरचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के असतं. ८०,००० वर ते २,८०० होतं. तुम्ही फक्त किमान रक्कम भरत असाल तर मुद्दल जवळपास हलत नाही. म्हणून कार्ड वापरणं आजपासून बंद. पगार झाला की आधी ५०० रुपये देवासाठी पाकिटात घाला, ती सवय मोडू नका. मग घरभाडं आणि किराणा, आणि उरलेलं सगळं कार्डावर. बँकेच्या वैयक्तिक कर्जाचा दर बराच कमी असतो. ते मिळालं तर कार्ड एकरकमी मिटवा. कर्ज उतरेल तसे ५०० चे १,०००, मग २,००० करा. देवाला दिलं म्हणून आईबापांना मदत करायची नाही, या ‘कुर्बान’च्या पळवाटेवर येशू किती कडक बोलला ते मार्क ७:९-१३ मध्ये आहे. घेणेकऱ्यांच्या पैशालाही तेच लागू होतं, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : संडे स्कूलमध्ये अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो तो धडा घेतला. सहा वर्षांची मुलगी घरी जाऊन रडली, ‘बाबा मला पण मारतील का?’ हा धडा कसा शिकवावा? (जरीपटका)

उत्तर : त्या वयाला शिकवूच नका. आठ वर्षांखालच्या मुलांना उत्पत्तीचा बारावा अध्याय द्या : सामान बांधलं, तंबू, उंट, कुठे जायचं ते माहीत नाही, तरी निघाले. चादरीचा तंबू करा, मुलांना वर्गभर चालवा. ते तेवढंच घरी नेतात आणि ते पुरेसं आहे.

बाविसावा अध्याय बारा वर्षांपुढे घ्या, आणि घाईने नको. आधी फळ्यावर लिहा : घर सोडलं तेव्हा वय ७५, इसहाक झाला तेव्हा १००. पंचवीस वर्षं देवाचा शब्द खरा ठरताना पाहिलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. मग पाचवं वचन मोठ्याने वाचून घ्या. अब्राहाम चाकरांना सांगतो की आम्ही परत येऊ. इब्री ११:१९ त्याचं कारण देतं. लाकडं इसहाकाने उचलली, म्हणजे तो कडेवरचा नव्हता. शेवट अकराव्या-बाराव्या वचनावर आणा : मुलाला हात लावू नको. आजूबाजूच्या राष्ट्रांत लेकरांचे बळी दिले जात होते. अशी आज्ञा मी दिली नाही, ते माझ्या मनातही आलं नाही, असं देव यिर्मया ७:३१ मध्ये म्हणतो. ‘आईबाबांनी काहीही सांगितलं तरी ऐकायचं’ हा निष्कर्ष या धड्यातून कधीही काढू नका. इफिस ६:१ मध्ये ‘प्रभूमध्ये’ हा शब्द आहे, आणि चौथं वचन बापांसाठी आहे.

त्या मुलीला भेटा. पालकांसमोर तिला सांगा की देवाने मुलाला वाचवलं, आणि तुझे बाबा तुला सांभाळतील.

प्रश्न : पती किडनीच्या आजाराने गेले. आठ महिने सगळ्यांनी उपास-प्रार्थना केली. आता एक भगिनी म्हणाल्या, ‘कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.’ (मोहननगर)

उत्तर : तुमचा विश्वास कमी पडला नाही. त्या भगिनींनी ते बोलायला नको होतं.

इब्री ११ आपण पस्तिसाव्या वचनाच्या मध्यापर्यंत वाचतो. तिथपर्यंत सिंहांची तोंडं बंद होतात, मेलेले परत मिळतात. त्याच वचनात ‘दुसरे काही’ येतात : हाल सोसलेले, दगडमार झालेले, करवतीने चिरलेले. दोन्ही यादींतल्या सगळ्यांच्या विश्वासाला एकच साक्ष आहे (११:३९). शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला म्हणतात, देव भट्टीतून सोडवील, आणि न सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही (दानीएल ३:१७-१८). गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला दूर कर अशी विनंती केली, आणि प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

मार्था आणि मरीया दोघींनी येशूला एकच गाऱ्हाणं घातलं : आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता (योहान ११:२१, ३२). त्याने दोघींपैकी कोणालाही गप्प केलं नाही. तुम्हीही ते म्हणू शकता, रोज म्हणू शकता. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरी ते देवाच्या वचनात आहे.

मंडळीतल्या इतरांना : या घरी वचन सांगायला जाऊ नका, डबा घेऊन जा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली का ते विचारा, दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून द्या, बँक, विमा आणि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जांना बरोबर जा. पहिल्या महिन्यात सगळे येतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात घर रिकामं होतं. तेव्हा जा.

प्रश्न : एमआयडीसीत रविवारची पाळी लागते. शब्बाथ, म्हणजे देवाने ठरवलेला विश्रांतीचा दिवस, मोडतो का? (हिंगणा)

उत्तर : रोम १४:५ आणि कलस्सै २:१६ वाचा, दिवसावरून कोणी तुमचा न्याय करू नये. महिन्यातून दोन रविवार पाळी बदलून मिळावी म्हणून सुपरवायझरला लेखी अर्ज द्या, आणि बदल्यात सणाच्या दिवशी काम करायची तयारी दाखवा. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर जमतं. बाकीच्या आठवड्यांत संध्याकाळची उपासना किंवा घरसभा धरा, आणि पूर्ण विश्रांतीचा एक दिवस ठेवाच, मग तो मंगळवार असला तरी चालेल. आजारपणाची खोटी रजा टाकून मात्र उपासनेला येऊ नका.